मराठवाड्यातून एक दिवस समुद्रावर: अलिबाग, गणपतीपुळे की दिवेआगर?

आपल्याकडून समुद्राचा एक दिवस म्हणजे दोन रात्रींचा प्रवास. लातूरहून निघा नाहीतर संभाजीनगरहून, हा हिशोब चुकत नाही. पैठणला नाथसागराच्या काठावर उभं राहिलं तर पलीकडची बाजू दिसत नाही हे खरं, पण तिथे लाट नाही, वाळू नाही, आणि पक्षी अभयारण्य असल्यामुळे टोळक्याने दंगा करायची ती जागाही नाही. खरा समुद्रच हवा असेल तर आधी एवढंच बघायचं: पाण्यात किती तास मिळतात आणि त्यासाठी किती तास सीटवर बूड घासायचं. आम्ही आठ जण तिन्ही ठिकाणी जाऊन आलोय, त्यावरून सांगतो.

या हिशोबात अलिबाग पुढे आहे, आणि त्याचं श्रेय रेल्वेला. लातूरहून रात्री मुंबईची गाडी मिळते. नांदेड, परभणी, जालना, संभाजीनगरवाल्यांना देवगिरी. झोपून जायचं, सकाळी मुंबईत उतरायचं, टॅक्सीने गेटवे गाठायचं आणि मांडव्याची लाँच पकडायची. तासाभराचा तो पाण्यावरचा प्रवास हीच अर्धी सहल. मांडव्याहून अलिबाग साधारण वीस किलोमीटर, आणि काही लाँचच्या तिकिटातच पुढची बस धरलेली असते. दहा-साडेदहाला किनाऱ्यावर. रात्रीची गाडी गाठायची म्हणजे चारच्या सुमाराला निघावं लागतं. साडेपाच-सहा तास हातात. कमी वाटतात, पण झोप झालेली असते, आणि गाडी कोण चालवणार यावरून कुणी तोंड वाकडं करत नाही.

अलिबागची वाळू काळपट, पाणी गढूळ. निळ्या पाण्यातले फोटो हवे असतील तर निराश व्हाल. पण समोर कुलाबा किल्ला उभा आहे. शिवाजी महाराजांनी 1680 साली बांधायला घेतलेला हा किल्ला ओहोटीला चालत गाठता येतो. चप्पल हातात, पँट गुडघ्यापर्यंत, पायाखाली ओली खडकाळ वाळू. आत गणपतीचं देऊळ आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना मधोमध गोड्या पाण्याचा तलाव. कान्होजी आंग्र्यांची समाधी गावातच आहे, जाता जाता होते.

आता आमची फजिती. पहिल्यांदा गेलो ते नेमके पौर्णिमेला. बारा वाजता किल्ल्याला पाण्याचा वेढा, आणि आम्ही अलीकडे भेळ खात बसलेलो. शेवटी एका घोडागाडीवाल्या काकांनी कोकणातला जुना हिशोब सांगितला: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. शुद्ध असो की वद्य, पंचमीला पावणेचारला भरती, म्हणजे त्याच्या सहा तास आधी, दहाच्या सुमाराला ओहोटी. षष्ठीला साडेदहा. आपण पोचतो ती हीच वेळ. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराला येते, पण तेव्हा भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी, पाणी फार मागे सरत नाही. एकादशीला ओहोटी सव्वादोनच्या आसपास. चालण्यासारखी, पण मग आमच्या माळकरी मित्रासाठी भगर शोधत फिरावं लागतं. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. नक्की वेळ तिथे विचारून घ्यावी. तिकीट काढताना मात्र कॅलेंडरवरची तिथी बघाच.

गणपतीपुळे दिसायला यापेक्षा कितीतरी सरस, हे कबूल. पाणी स्वच्छ, वाळू उजळ, देऊळ अगदी किनाऱ्याला टेकलेलं. मागची टेकडी म्हणजेच गणपती, म्हणून प्रदक्षिणा टेकडीला, सुमारे किलोमीटरभराची. जवळच मालगुंडला केशवसुतांचं स्मारक, वर जयगडचा किल्ला, खाली आरे-वारेचा रस्ता. डोंगराच्या वळणावरून तिथला समुद्र एकदम खाली दिसतो, तेव्हा गाडीतली सगळी बडबड बंद पडते. रत्नागिरीत ब्रह्मदेशच्या राजाचा थिबा पॅलेस. बघायलाच दोन दिवस हवेत.

तीच अडचण आहे. लातूरहून तुळजापूर, सोलापूर, कोल्हापूर, आंबा घाट असा रस्ता, अंतर पाचशे किलोमीटरच्या घरात. दहा-अकरा तास. एका दिवसात हे करणारे असतात, आम्हीही केलं. परतताना सोलापूरच्या अलीकडे ड्रायव्हरचे डोळे मिटायला लागले आणि एका पेट्रोल पंपावर पहाटे तीन ते पाच सगळे गाडीतच आडवे झालो. पुन्हा करणार नाही. मुक्काम ठेवणार असाल तर तिघांत पहिलं नाव गणपतीपुळ्याचं. त्याच दिवशी परतायचं असेल तर यादीतून काढून टाका.

शिवाय पाण्यात मनसोक्त डुंबायचं असेल तर हा किनारा आपला नाही. उतार एकदम आहे, ओढ जबर आहे, तिथे बुडण्याच्या घटना झाल्या आहेत. आपली पोरं विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेली. विहिरीचं पाणी जागेवर राहतं. आमच्यातला सगळ्यात पट्टीचा पोहणारा, वीस फुटांवरून विहिरीत सूर मारणारा, पुळ्याला नुसता कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. लाट परतताना त्याच्या टाचांखालची वाळूच निघून गेली आणि गडी बसकण मारून दोन हात आत सरकला. वर आला तो खोकत. तोंडातलं पाणी थुंकून म्हणाला, "आपल्या शेतातल्या बोअरचं पाणी बी असंच लागतंय की रे!" आम्ही हसलो, पण त्यानंतर गुडघ्याच्या पुढे कुणी गेलं नाही.

पाण्यात खेळायला दिवेआगर बरं. लांबच लांब सपाट वाळू, मागे सुरूची बनं, क्रिकेटचा डाव मांडता येतो. पुण्याहून ताम्हिणी घाटाने जायचं. 1997 साली तिथल्या वाडीत सापडलेला सोन्याचा गणपती 2012 ला चोरीला गेला, आणि परत मिळालेल्या सोन्यातून नव्याने घडवलेला मुखवटा 2021 साली देवळात आला. तेवढं दर्शन झालं की बघण्यासारखं फार नाही. इथेही रात्रभर गाडी हाकणं आलंच. निघताना दोन चालक हवेत, किंवा परतायची घाई नको.

जेवणाचं तिन्हीकडे सारखंच: मासे खाणाऱ्यांची चंगळ, आणि शाकाहारी थाळी मिळाली तरी उकडीचे मोदक आणि सोलकढी यांवर भागवायची तयारी हवी. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घरून न्यावी, संध्याकाळी सगळे त्यावरच तुटून पडतात. अंगावरचं मीठ धुवायला किनाऱ्यावर गोड्या पाण्याची बादली पैसे देऊन मिळते. आम्ही लातूरकर 2016 साली मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी प्यायलेले, त्यामुळे भाव न करता पैसे देतो. संभाजीनगरचा दोस्त मात्र दरवेळी घासाघीस करतो.

पावसाळ्यात तिन्ही ठिकाणी पाण्यात उतरू नका. मांडव्याच्या लाँचही तेव्हा बंद असतात. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचा काळ बरा. आमचं पुढचं ठरलंय: जानेवारी, अलिबाग, वद्य षष्ठी. माळकऱ्यासह आठ तिकिटं, त्यातली दोन अजून वेटिंगवर आहेत.