टिन्ड वायर, झिंकचे स्क्रू, निकेलचे स्क्रू: रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात एक पावसाळा काढल्यानंतर

मी बोटींच्या वायरिंगची कामं करतो. गेल्या दिवाळीनंतर एका ट्रॉलरचं १२ व्होल्टचं सगळं वायरिंग नव्याने केलं. साध्या तांब्याऐवजी टिन्ड, म्हणजे कथील चढवलेली वायर घेतली, थिंबलही (वायरच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) टिन्डच. पॅनलला काही लोखंडी स्क्रू झिंक प्लेटिंगचे आणि काही निकेल प्लेटिंगचे लागले, कारण दुकानात एका प्रकारचे पुरेसे नव्हते. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत बोट वर ओढलेली असताना पॅनल खोलून निवांत बघता आलं.

आधी वायर. बिल बघून तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, म्हणाला होता, "चांदीची वायर घातलीस काय रे?" साध्या वायरच्या जवळपास दीडपट पैसे गेले, पण वसूल झाले. खाऱ्या हवेत साध्या तांब्याचं दुखणं थिंबलपाशी सुरू होतं. तिथून पाणी तारांच्या फटींतून वर चढतं, मग इन्सुलेशन कितीही सोला, आत तांबं काळंच निघतं. अशा वायरीवर नवीन थिंबल मारून उपयोग नाही आणि सोल्डर तर धरतच नाही. बिल्ज पंपाची (बोटीच्या तळात साचलेलं पाणी उपसणारा पंप) टिन्ड वायर मी मुद्दाम कापून पाहिली. टोकाशी जरा करडी झालेली, पण अर्ध्या इंचाच्या आत प्रत्येक तार स्वच्छ. सोल्डर लावताच पसरलं. प्रत्येक बारीक तारेवर वेगळा थर असल्याचा हा फायदा. थर मात्र फार पातळ असतो. बऱ्याचदा जाड तारेवर कथील चढवून मग ती बारीक करायला डायमधून, म्हणजे साच्याच्या छिद्रातून, ओढतात, त्यात थरही ताणला जातो. आणि कापलेल्या टोकाला तांबं उघडंच राहतं, म्हणून आतून गोंद असलेली हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) लावल्याशिवाय मी जोड सोडत नाही.

आता स्क्रू. इथे दिसण्यावर गेलात तर फसाल. बसवताना निकेलचे आरशासारखे चमकत होते, झिंकचे पिवळट आणि मळकट. पावसाळ्यात झिंकवर पांढरी पूड आली, ती कापडाने पुसली तर खाली लोखंड शाबूत. निकेलच्या स्क्रूंना डोक्यावरच्या प्लसच्या खाचेत लाल ठिपके, आणि दोन-तीन तर खाच खाल्ल्यामुळे ड्रिल करूनच काढावे लागले.

कारण सरळ आहे. झिंक लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं, त्यामुळे थोडा ओरखडा पडला तरी ते लोखंडाला सांभाळतं. निकेलचं उलटं. थर अखंड आहे तोवर उत्तम, पण एक बारीक छिद्र पडलं की सगळा गंज तिथेच एकवटून खोल जातो. त्यात छोटे स्क्रू जाळीच्या फिरत्या पिंपात घालून एकगठ्ठा प्लेट करतात. प्लेटिंग विजेवर होतं, आणि करंट कडांना जास्त मिळतो, खाचेत कमी, म्हणजे थर सगळ्यात पातळ नेमका तिथे जिथे आपण स्क्रू ड्रायव्हर घालून ओरबाडतो. पितळेच्या स्क्रूवर निकेल असेल तर माझी तक्रार नाही. तिथे खाली लाल गंज धरणारं लोखंडच नसतं.

विकणारे सॉल्ट स्प्रेचे तास सांगतात, म्हणजे मिठाच्या फवाऱ्यात माल किती तास गंजाशिवाय टिकला ते. त्या चाचणीत ३५ अंशांवर ५ टक्के मिठाच्या पाण्याचा फवारा सतत चालू असतो. दोन मालांची तुलना करायला ठीक, पण बोटीवर पॅनल भिजतं, उन्हात वाळतं, वर मीठ साचतं आणि पुन्हा भिजतं. तासांवरून महिन्यांचा हिशेब लागत नाही. त्यापेक्षा थर किती मायक्रॉनचा ते विचारा. ५ आणि १२ मायक्रॉन झिंक डोळ्यांना सारखंच दिसतं, आणि पिवळा रंग वरच्या पॅसिव्हेशनचा (झिंकवर रसायनाने चढवलेला संरक्षक पापुद्रा) असतो, जाडीचा नव्हे.

एक तक्रार राहिली. बॅटरीच्या पट्टीवरचा झिंकचा स्प्रिंग वॉशर गंज नसताना मधोमध तुटला. कडक स्टील ॲसिडमध्ये धुताना आणि प्लेट करताना त्यात हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होतं. तो काढायला माल लगेच २०० अंशांच्या आसपास काही तास भट्टीत ठेवावा लागतो. इथे तेच चुकवलंय असा माझा संशय आहे. दुकानदाराला विचारलं तर त्याने दुसरं पाकीट पुढे केलं, त्याच लॉटचं. तिथे मी आता ३१६ स्टेनलेसचा वॉशर घातलाय.