पचिसीचा कापडी पट की ल्युडो?

भाची विचारत होती, दिवाळीच्या सुट्टीत घरी कुठला पट आणू? मुळात ल्युडो हे पचिसीचंच लेकरू. इंग्लंडमध्ये १८९६ साली त्याचं पेटंट घेतलं गेलं.

शिकायला ल्युडो सोपा. एकच फासा, डाव लवकर आटोपतो. पचिसीला कवड्यांची दानं पाठ हवीत आणि अख्खी दुपार लागते. पण तिथे समोरासमोरचे दोघे जोडीदार असतात. आपली सोंगटी थांबवून जोडीदाराची आधी पुढे काढायची, हा जीव लावणारा भाग ल्युडोत उरलाच नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

टिकायला कापडच बरं. पुठ्ठा घडीवर फाटतो.

घरात लहान मुलं असतील तर ल्युडो घे. चौघं निवांत बसणार असाल, आजीही खेळणार असेल, तर पचिसीच.