‘गर्भ राहिला नाही तर पैसे परत’: आयव्हीएफचं हे पॅकेज घेण्याआधी वाचा

‘गर्भ राहिला नाही तर 80 टक्के रक्कम परत’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्या एका आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) सेंटरने आमच्याकडून साडेतीन लाख घेतले आणि एक रुपयाही परत दिला नाही. त्यांचं मोफत वंध्यत्व निवारण शिबीर आता पुन्हा आमच्या तालुक्यात भरतंय, म्हणून लिहितेय.

डॉक्टर जेमतेम भेटले. सगळं बोलणं कौन्सेलर मॅडमचं. “ताई, सक्सेस रेट 70 टक्के. नाहीच राहिलं तर पैसे परत, मग घाबरायचं कशाला?” त्याच दिवशी बुकिंग केलं तर सूट. माझ्या पाटल्या गहाण ठेवून पैसे भरले. करार इंग्रजीत होता. मॅडम भराभर पानं उलटत फक्त सहीच्या जागी बोट ठेवत होत्या.

प्रयोगशाळेत तयार केलेला गर्भ पिशवीत सोडल्यानंतर बीटा एचसीजी (गर्भ राहिला की रक्तात वाढणारं हार्मोन) 41 आला. रिसेप्शनवर पेढे वाटले गेले. पुढच्या तपासणीत तो 12 वर उतरला, मग पाळी आली. पैसे मागायला गेलो तर मॅडमनी तोच 41 चा रिपोर्ट पुढे सरकवला. “गर्भ राहिला होता ना, ताई?” करारात बारीक अक्षरात होतं: बीटा 25 च्या वर गेला की गर्भधारणा झाली, परतावा संपला.

बीटा थोडा वाढून लगेच उतरणं, सोनोग्राफीत काहीच न दिसणं, हे आयव्हीएफमध्ये अनेकींच्या बाबतीत होतं. त्यांचे 70 टक्केही याच हिशेबातले. म्हणून विचारायचं ते हे: माझ्या वयाच्या किती जणींना प्रत्यक्ष मूल झालं?

पॅकेजबाहेर ‘पिशवीचं स्क्रॅचिंग’ (गर्भ रुजावा म्हणून पिशवीच्या आतल्या अस्तराला ओरखडे काढणं) म्हणून आणखी पंधरा हजार घेतले. पाच देशांतल्या 1364 बायकांवर झालेला अभ्यास 2019 मध्येच छापून आलाय. स्क्रॅचिंग केलेल्या आणि न केलेल्या, दोन्ही गटांत मूल होण्याचं प्रमाण सारखंच, 26.1 टक्के. नर्सिंग शिकणाऱ्या भाचीने तो दाखवला तेव्हा फार संताप आला. दुखणं माझं आणि बिल त्यांचं!

आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीचा 2021 चा एआरटी कायदा जानेवारी 2022 पासून लागू आहे. सेंटरची नोंदणी हवी. यशाची शक्यता, खर्च, धोके जोडप्याला समजावून सांगणं ही सेंटरची जबाबदारी आहे. गर्भ पिशवीत सोडण्याआधी तुम्ही संमती मागेही घेऊ शकता.

आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात गेलोय. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, तक्रारीची मुदत दोन वर्षांची. उपचाराच्या फाइलसाठी सेंटरने टोलवाटोलवी केली; लेखी अर्ज देऊन पोच घेतली तेव्हा कुठे कागद हाती आले. अर्ज दिल्यापासून 72 तासांत कागद द्यावेच लागतात. शिबिरात जाणार असाल तर एवढंच मराठीत, शिक्क्यासह लिहून मागा: बीटा वाढून उतरला तर पैसे परत मिळणार की नाही?