लिपातींच्या ध्वनिमुद्रणांची नोंद: एका ज्ञानकोश-लेखाचे परीक्षण

दिनू लिपाती या रुमानियन पियानोवादकाच्या ध्वनिमुद्रणांवर एका ऑनलाइन इंग्रजी ज्ञानकोशात स्वतंत्र लेख आहे. १९१७ मध्ये बुखारेस्टला जन्मलेले लिपाती २ डिसेंबर १९५० रोजी जिनिव्हात, वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षी वारले. त्यांचे मुद्रित वादन इतके थोडे उरले आहे, की चिकाटीच्या श्रोत्याचे ते सगळे आठवडाभरात ऐकून होईल. ठेवाच एवढा लहान असल्यामुळे नोंदीतली एखादी चूकसुद्धा फार मोठी ठरते. लेखाचे मोल ठरवताना मी मुख्यत्वे एकच गोष्ट पाहिली: आपण जे ऐकतो आहोत ते कोणी, कुठे आणि केव्हा वाजवले, हे वाचकाला यातून नक्की कळते का?

दारव्हा तालुक्यातील आमच्या गावात पियानो नाही. वाचनालयात हार्मोनियम शिकणारी मुले आणि भजनी मंडळातील काही ज्येष्ठ मंडळी एकत्र बसून दुसऱ्या परंपरांतील वादन ऐकतात. ते फोनवरून स्पीकरला जोडलेले असते. तबकडीचे वेष्टन किंवा त्यावरील मजकूर आमच्यापर्यंत पोहोचतच नाही. कोणीतरी चढवलेली फीत आणि तिच्यावर लिहिलेले नाव एवढाच आधार असतो, आणि वर्ष तर बहुधा चुकीचे असते. अशा श्रोत्यांना या लेखाची गरज शहरातल्या संग्राहकापेक्षा अधिक आहे, आणि माझ्या अपेक्षाही त्या गरजेतूनच आलेल्या आहेत.

लेखाचा सर्वांत भक्कम भाग शोपँ या पोलिश रचनाकाराच्या पहिल्या पियानो कॉन्चेर्टोविषयीचा, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनेविषयीचा, आहे. १९६० च्या दशकात या रचनेची एक तबकडी लिपातींच्या नावाने निघाली आणि जाणकारांनी ती अनेक वर्षे वाखाणली. १९८१ मध्ये बीबीसीवरून ती प्रसारित झाल्यानंतर हे वादन हालिना चेर्नी-स्तेफान्स्का या पोलिश पियानोवादिकेच्या जुन्या तबकडीशी तंतोतंत जुळते, असे निदर्शनास आले. ती मूळ तबकडी चेक फिलहार्मोनिक वाद्यवृंदासह, वात्स्लाव स्मेताचेक यांच्या संचालनाखाली मुद्रित झालेली होती. लिपातींचे खरे वादन वेगळेच होते: ७ फेब्रुवारी १९५० रोजी झुरिचमध्ये, टोनहाले वाद्यवृंदाबरोबर, ओटो आकरमान यांच्या संचालनाखाली झालेले. लेखकाने हा प्रकार सनसनाटी न करता क्रमाने मांडला आहे आणि दोन्ही मुद्रणांचे वाद्यवृंद व संचालक शेजारी शेजारी दिले आहेत, त्यामुळे हाताशी असलेली फीत कोणती हे वाचकाला स्वतः पडताळता येते. शिवाय, चेर्नी-स्तेफान्स्का यांचे वादन ज्या गुणांसाठी वाखाणले गेले ते गुण त्यांचे स्वतःचे होते, हे लेखकाने आवर्जून म्हटले आहे. ज्ञानकोशाच्या कोरड्या भाषेतही एवढा न्याय करता येतो, हे पाहून मला मनापासून समाधान वाटले.

मुख्य तक्त्याविषयी मात्र माझी गंभीर तक्रार आहे. त्यात मुद्रणाचे वर्ष आणि प्रकाशनाचे वर्ष एकाच रकान्यात कोंबले आहे. रचनाकार ग्रीग यांचा कॉन्चेर्टो १९४७ मध्ये संचालक आल्चेओ गालिएरा यांच्यासह आणि शुमान यांचा १९४८ मध्ये संचालक कारायान यांच्यासह मुद्रित झाला. वाद्यवृंद दोन्ही वेळी फिलहार्मोनिया होता. या नोंदी नीट लागतात. पण सभागृहातील वा रेडिओवरील जी वादने लिपातींच्या पश्चात पुष्कळ वर्षांनी बाहेर आली, त्यांच्यापुढचे वर्ष नक्की कशाचे आहे, हे तक्त्यावरून ठरवता येत नाही. ज्या कलावंताच्या अखेरच्या वर्षात प्रत्येक महिन्याला प्रकृतीचा उतार-चढाव होता, त्याच्या बाबतीत ही किरकोळ उणीव नव्हे.

शोपँच्या वॉल्ट्झची, म्हणजे नृत्यलयीतील छोट्या पियानो-रचनांची, नोंद हे लेखातील उणिवांचे आणखी एक ठळक उदाहरण आहे. जुलै १९५० मध्ये, औषधोपचाराने काही आठवडे बरे वाटत असताना, लिपातींनी जिनिव्हात चौदा वॉल्ट्झ मुद्रित केले. त्यांचा क्रम लिपातींनी स्वतः ठरवला होता: सुरुवात चौथ्या वॉल्ट्झने आणि शेवट दुसऱ्याने. लेखात मात्र ते एक ते चौदा असे अनुक्रमाने लावले आहेत. पुढे १६ सप्टेंबर १९५० च्या फ्रान्समधील बेझांसाँ येथील अखेरच्या मैफलीबद्दल लेख सांगतो, की तेरा वॉल्ट्झ वाजवून झाल्यावर त्यांची शक्ती संपली आणि दुसऱ्या क्रमांकाचा राहिला. अनुक्रमाने लावलेली यादी वाचून आलेल्या वाचकाला वाटते, की मधलाच एखादा गाळला गेला. वस्तुतः लिपातींच्या मांडणीत दुसरा वॉल्ट्झ शेवटी यायचा होता, म्हणजे ते अगदी समाप्तीपाशी थांबले. मूळ क्रम दिला असता तर वेगळ्या स्पष्टीकरणाची गरजच पडली नसती.

त्याच मैफलीच्या मुद्रणात बाखच्या पहिल्या पार्टिटाआधी (नृत्यरचनांच्या मालिकेआधी) लिपाती काही स्वरसमूह अलगद उलगडतात, जसा आमचा पेटीवाला भजनाआधी सूर भरून घेतो. आमच्या ज्येष्ठांनी ही गोष्ट लगेच हेरली. लेखात तिचा उल्लेखही नाही. स्टुडिओतील मुद्रण आणि सभागृहातील मुद्रण यांतला फरक सांगायला याहून सोपी खूण नव्हती.

तबकड्यांच्या तांत्रिक मर्यादेवरील परिच्छेद छोटा पण उपयुक्त आहे. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटेच मावत, त्यामुळे १९४८ मधली शोपँची बार्कारोल ही पियानो-रचना दोन बाजूंवर विभागावी लागली. आपल्याकडे त्याच काळात गवयांना अख्खा राग सुमारे तीन मिनिटांत बसवावा लागे, त्यामुळे हा भाग आमच्या मंडळींना न समजावता कळला.

रुमानियन रचनाकार एनेस्कू यांच्यासोबतच्या वादनाला एकच ओळ मिळावी, याचे वाईट वाटले. जॉर्जे एनेस्कू हे लिपातींचे धर्मपिता. एनेस्कूंच्याच व्हायोलिन सोनाटा (व्हायोलिन-पियानोसाठीच्या रचना) त्यांनी आणि लिपातींनी १९४३ मध्ये बुखारेस्टला एकत्र मुद्रित केल्या. रचनाकार स्वतः व्हायोलिनवर आणि घरच्यासारखा शिष्य पियानोवर, असे मुद्रण दुर्मीळ असते.

एवढे असूनही नव्या श्रोत्याला मी हा लेख सुचवीन. मात्र त्याने तक्त्यापासून सुरुवात करू नये. आधी शोपँ कॉन्चेर्टोचा भाग वाचावा, मग बाखची पार्टिटा जुलैच्या जिनिव्हा मुद्रणातून आणि सप्टेंबरच्या बेझांसाँ मैफलीतून लागोपाठ ऐकावी आणि तक्त्यातील वर्षे त्यानंतर पाहावीत. संपादकांनी मुद्रणाची तारीख, स्थळ आणि प्रकाशनाचे वर्ष असे तीन स्वतंत्र रकाने केले, तर माझ्या बहुतेक तक्रारी तिथेच मिटतील.