सँ-दनीची बॅसिलिका: फ्रेंच राजघराण्याचं दफनस्थान कसं पाहावं

फ्रेंच राजेशाही पाहायची म्हणून लोक व्हर्सायच्या राजवाड्याचं तिकीट काढतात. थाट तिथं दिसतो, यात वाद नाही. पण ही राजेशाही मोडली तेव्हा तिचं नेमकं काय केलं गेलं, हे पाहायचं असेल तर पॅरिसच्या उत्तरेला लागून असलेल्या सँ-दनीची बॅसिलिका गाठावी. सातव्या शतकातल्या दागोबेरपासून 1824 साली वारलेल्या अठराव्या लुईपर्यंत फ्रान्सचे बहुतेक राजे इथं पुरले गेले. पॅरिसमध्ये एकच अर्धा दिवस हाताशी असेल, तर तो बेलाशक इथं घालवावा.

जायला मेट्रोची 13 नंबरची लाइन. ती ला फुर्श स्टेशनला दोन फाट्यांत विभागते आणि नवखे लोक इथंच चुकतात. गाडीवर ‘सँ-दनी – युनिव्हर्सिते’ लिहिलेलं पाहूनच चढावं. दुसरी गाडी आन्येर-जनव्हिलियेकडे जाते. उतरायचं ‘बाझिलिक द सँ-दनी’ला. त्याच्या आधीचं ‘पोर्त द पारी’ हे स्टेडियमवाल्यांचं स्टेशन.

चर्चच्या मुख्य भागात फुकट जाता येतं. तेवढंच पाहून परत फिरणारे बरेच असतात, कारण राजांच्या कबरींचं दार वेगळं, उजव्या बाजूला आहे आणि तिथं तिकीट लागतं. तिकीट साधारण 11 युरो, 18 वर्षांखालच्या मुलांना फुकट. पॅरिस म्युझियम पास चालतो. रविवारी बारा वाजेपर्यंत कबरींचा भाग बंद असतो, आणि एरवीही प्रार्थना किंवा अंत्यविधी असला की थांबावं लागतं. मंगळवारी किंवा शुक्रवारी सकाळी गेलं तर सगळ्यांत उत्तम: पूर्वेकडच्या काचांमधून उजेड आत येत असतो आणि बाहेर सँ-दनीचा मोठा बाजारही भरलेला असतो. ऑडिओगाइड घ्याच. सत्तरहून अधिक शयनमूर्ती, म्हणजे कबरींवरच्या झोपलेल्या मूर्ती आहेत. क्रम माहीत नसेल तर पंधराव्या मिनिटाला सगळे राजे एकसारखे दिसू लागतात.

क्रम असा ठेवावा. आधी नवव्या लुईनं 1263च्या सुमाराला करवून घेतलेल्या पूर्वजांच्या मूर्ती. यांतले काही राजे तेव्हा मरून सहाशे वर्षं झाली होती, त्यामुळे चेहरे कल्पनेचे. आपलं घराणं अखंड चालत आलंय हे दाखवण्याचा तो खटाटोप होता. मग त्याच्या मुलाची, तिसऱ्या फिलिपची मूर्ती पाहावी. इथं पहिल्यांदा खरा माणूस वाटावा असा चेहरा दिसतो. पाचव्या चार्ल्सनं तर स्वतः जिवंत असतानाच, 1364 मध्ये, शिल्पकार आंद्रे बोनव्होकडे आपल्या मूर्तीचं काम सोपवलं.

सगळ्यांत जास्त वेळ द्यावा तो बारावा लुई आणि ब्रिटनीची आन यांच्या संगमरवरी कबरीला. वरच्या मजल्यावर दोघं गुडघे टेकून प्रार्थना करतायत, राजाराणीला शोभेल अशी. खाली, खांबांच्या आत, तीच दोघं उघडी, नुकतीच मेलेली. वाकून पाहिलं की पोटावर प्रेत जतन करणाऱ्यांनी घातलेले टाके दिसतात: देह टिकवण्यासाठी आतडी काढून पोट शिवलं जायचं, आणि शिल्पकारांनी ती शिवणसुद्धा दगडात सोडली नाही. पहिल्या फ्रान्स्वाच्या कबरीवर त्यानं इटलीत जिंकलेली मारिन्यानची लढाई कोरलेली आहे. दुसरा हेन्री आणि कॅथरीन द मेदिची यांच्या कबरीवर शिल्पकार जेर्में पिलोंचं काम आहे. तीही चांगलीच आहेत, पण टाक्यांजवळून पाय निघत नाही.

एक गोष्ट मात्र मनाशी पक्की धरून फिरावं: या मूर्तींखाली कुणीही नाही.

1793च्या ऑगस्टमध्ये, फ्रेंच क्रांतीच्या काळात, कन्व्हेन्शन या तेव्हाच्या क्रांतिकारी संसदेच्या हुकमावरून इथली स्मारकं फोडली गेली. आठव्या चार्ल्सची धातूची कबर तेव्हाच संपली. ऑक्टोबरमध्ये तळघरं उघडली. शिशाच्या शवपेट्या गोळ्यांसाठी वितळवल्या आणि देह उत्तरेकडच्या खड्ड्यांत टाकून वर चुना ओतला. चौथ्या हेन्रीचा देह इतका शाबूत निघाला की तो लोकांना पाहायला उभा करून ठेवला होता. 16 ऑक्टोबरला पंधराव्या लुईची पेटी उघडली. त्याच दिवशी तिकडे पॅरिसमध्ये सोळाव्या लुईची राणी मारी आंत्वानेत हिचा शिरच्छेद झाला. आज उभ्या असलेल्या मूर्ती वाचल्या त्या प्रामुख्यानं अलेक्झांद्र लन्वारमुळे. त्यानं त्या पॅरिसमधल्या आपल्या संग्रहालयात हलवल्या आणि 1816 नंतर त्या परत आल्या. काही तर मुळात इथल्या नव्हत्याच. आरंभीचा फ्रँक राजा क्लोव्हिस याची मूर्ती पॅरिसच्या सेंत-जनव्हियेव्ह मठातली आहे.

आता तळघरात उतरावं. पायऱ्या आहेत, उजेड बेताचा आहे. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी सांभाळून. इथं काळ्या संगमरवराच्या सहा शिळा दिसतात. सोळावा लुई आणि मारी आंत्वानेत यांचे अवशेष 21 जानेवारी 1815 रोजी, म्हणजे राजाच्या शिरच्छेदाला बरोबर 22 वर्षं झाली त्या दिवशी, पॅरिसमधल्या माद्लेनच्या दफनभूमीतून आणले गेले. अठरावा लुई तिथंच आहे. सहावी शिळा रिकामी आहे: त्याच्यानंतरचा दहावा चार्ल्स हद्दपारीत वारला आणि आजच्या स्लोव्हेनियात पुरला गेला. जवळच एका स्फटिकाच्या कलशात सोळाव्या लुईच्या मुलाचं, तुरुंगात दहाव्या वर्षी मेलेल्या सतराव्या लुईचं हृदय आहे. डीएनए तपासणीनंतर 2004 मध्ये ते इथं ठेवलं.

अस्थिगृहापाशी मात्र घाई करू नये. 1817 मध्ये खड्डे उकरले तेव्हा कुणाचं हाड कोणतं हे सांगता येईना, म्हणून सगळी एकत्र आणून बंद केली. बाहेरच्या फलकांवर फक्त नावं आहेत. चौथ्या हेन्रीपासूनच्या बूर्बोन घराण्यातल्या राजांनी इथं स्मारकं बांधलीच नव्हती. त्यांच्या पेट्या तळघरात लोखंडी आधारांवर ठेवलेल्या असत. त्यामुळे व्हर्साय उभारणाऱ्या चौदाव्या लुईसाठी या इमारतीत शोधायचं ते त्या यादीतलं एक नाव.

नीट पाहायला दोन तास लागतात. हाताशी आणखी वेळ असेल तर परतीला 13 नंबरनंच सँ-लाझारला उतरून शापेल एक्स्पियात्वारला जावं. माद्लेनची ती दफनभूमी होती त्याच जागेवर अठराव्या लुईनं हे स्मारक बांधायला घेतलं. ते रोज उघडं नसतं, वार पाहून निघावं.