कुत्र्याचे सलाइन: साठाचा हिशेब की घाताचा?

खानापूरकडच्या एका तरुण पशुवैद्यकाचा प्रश्न होता की, कुत्र्याच्या रोजच्या सलाइनचा हिशेब किलोमागे ६० मिली असा धरावा, की वजनाचा ०.७५ घात घेऊन त्याला १३२ ने गुणावे.

सोपेपणात पहिली रीत सरस. २४ किलोच्या मुधोळ कुत्र्याला दिवसाला १४४० मिली, म्हणजे मिनिटाला १ मिली; एका मिलीला २० थेंब सोडणाऱ्या सलाइन-सेटवर मिनिटाला २० थेंब, आणि हे घड्याळ समोर धरून गोठ्यातही मोजता येते. दुसरी रीत तेथे १४३१ देते, म्हणजे फरक नगण्यच.

खरा फरक टोकांना दिसतो. ०.७५ घात म्हणजे वजनाचा घन करून दोनदा वर्गमूळ; चार किलोच्या पॉमेरेनियनसाठी घन ६४, वर्गमूळ ८, पुन्हा वर्गमूळ २.८३, त्याला १३२ ने गुणून सुमारे ३७३ मिली, तर साठाच्या हिशेबाने २४० च. पन्नास किलोच्या कुत्र्याला मात्र साठाचा हिशेब ३००० सांगतो आणि घाताचा सुमारे २४८०. साध्या मोबाइलवरही वर्गमूळ निघत असल्याने कष्टाची सबब फारशी टिकत नाही.

दोन्ही आकडे केवळ दैनंदिन गरजेचे आहेत. उलटी-जुलाबांची तूट वेगळी मोजावी लागते आणि हृदयविकारात हात आखडताच ठेवावा लागतो.

पंधरा ते तीस किलोच्या कुत्र्यांना, विशेषतः रात्रीच्या धावपळीत, साठ पुरेसे. अगदी लहान वा अवजड कुत्र्यांना घाताचेच सूत्र वापरावे.