जोखीम तपासणारी सल्लासेवा : प्रश्नावली उथळ, आकडेमोड चोख

गुंतवणूक म्हणून घर घेण्यापूर्वी आपली जोखीम पेलण्याची तयारी किती आहे, हे तपासून देणारी एक सल्लासेवा मी नुकतीच शुल्क भरून घेतली. सुरुवातीची प्रश्नावली उथळ वाटली. ‘भाव पडले तर तुम्ही काय कराल?’ या प्रश्नाला खुर्चीत बसून कोणीही धीराचेच उत्तर देतो, आणि शेअरसारखे घर काही मिनिटांत विकता येत नसल्याने तो प्रश्न इथे फारसा लागूही पडत नाही.

पैसे वसूल झाले ते पुढच्या बैठकीत. सल्लागारांनी कागदावर साधे गणित मांडले : किमतीच्या २० टक्के रक्कम स्वतःची आणि ८० टक्के कर्ज असेल, तर भाव १० टक्क्यांनी उतरताच स्वतःचे निम्मे भांडवल कागदोपत्री संपते. मग ६ महिने भाडेकरू मिळाला नाही, व्याजदर चढला आणि छताची दुरुस्ती निघाली, असे तिन्ही एकत्र धरून हप्ता कोठून भरणार, हे त्यांनी मलाच लिहायला लावले. माझे पेन तिथेच अडले. जोखीम घेण्याची हौस मला होती, ती सोसण्याची ऐपत मात्र मी कधी मोजलीच नव्हती.

अहवालात खरेदी-विक्रीचा खर्च धरलेला नव्हता, ही मोठी उणीव. विचारल्यावर तो दोन दिवसांनी जोडून मिळाला. कर्ज न काढता घर घेणाऱ्यांना या सेवेचा उपयोग बेताचाच होईल. कर्ज काढणाऱ्यांनी प्रश्नावली वगळून थेट बैठक मागावी.